लेव्हरकुसेन जिंकलं खरं, पण वर्षभरात उरलं काय?

रात्रपाळी_प्रेक्षक (धागाकर्ता)

युरोपातल्या क्लब फुटबॉलची चुरस पैशाने मारली असं कुठेही म्हटलं, की समोरून हमखास एकच उत्तर येतं, "मग लेव्हरकुसेन?" म्हणून आज लेव्हरकुसेनचंच बोलू.

१४ एप्रिल २०२४. ब्रेमेनला ५-० हरवून ते बुंडेसलिगाचे, म्हणजे जर्मनीच्या सर्वांत वरच्या लीगचे, विजेते झाले. बायर्न म्युनिकची सलग ११ विजेतेपदांची माळ तुटली. ३४ सामने, २८ विजय, ६ बरोबरी, पराभव एकही नाही. हॅरी केनवर पाण्यासारखा पैसा ओतलेलं बायर्न तिसरं आलं, श्टुटगार्टच्याही खाली. रविवारी रात्री नऊचा सामना होता, त्यामुळे झोपेचं खोबरं न करता इतिहास बघायला मिळाला. आपल्याकडच्या फुटबॉलवेड्यांना हे सुख क्वचितच मिळतं.

आता पुढचं पान उलटा. पुढच्या हंगामात बायर्न १३ गुणांच्या फरकाने पुन्हा विजेते. मग २०२५ चा उन्हाळा. व्हिर्ट्झ १० कोटी पौंडांना लिव्हरपूलकडे, वरचे बोनस वेगळे. फ्रिम्पाँगही तिकडेच. योनाथन ता थेट बायर्नकडे. झाका संडरलंडला. म्हणजे जर्मनीच्या विजेत्या संघाचा कणा गेला तो इंग्लंडात नुकत्याच वर चढलेल्या क्लबकडे! प्रशिक्षक शाबी अलोन्सो रेआल माद्रिदला. लग्न लागलं, मांडव उतरला, वाजंत्रीही गेली.

मोनॅकोचंही हेच झालं. २०१७ ला फ्रान्सची लीग जिंकली आणि त्याच उन्हाळ्यात एमबाप्पे पॅरिसच्या पीएसजीकडे, बर्नार्डो सिल्व्हा आणि मेंडी मँचेस्टर सिटीकडे, बाकायोको चेल्सीकडे. २०१६ ला इंग्लंडची लीग जिंकलेल्या लेस्टरमधून कांते गेला, आणि ज्या लेस्टरच्या विजयावर सट्टेबाजांचा ५०००-१ चा भाव होता ते २०२३ मध्ये खालच्या श्रेणीत घसरलं.

छोटा क्लब एखाद्या वर्षी जिंकू शकतो का, हे विचारण्यात मला रस नाही. जिंकलेला संघ दोन वर्षं एकत्र ठेवण्याची त्याची ऐपत आहे का, ते बघा. ती नसेल तर याला स्पर्धा म्हणू नये. मोठ्यांसाठी मांडलेलं ते प्रदर्शन आहे.

हिशेबनीस

असहमत, आणि उदाहरणासकट असहमत.

लेव्हरकुसेन हा काही गावजत्रेतला गरीब पैलवान नाही. १९०४ मध्ये बायर या औषध कंपनीच्या कामगारांनी काढलेला क्लब, आजही कंपनीच्याच मालकीचा. जर्मनीत क्लबच्या मतांपैकी निम्म्याहून एक जास्त मत सभासदांकडे असावं लागतं, त्यातून लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबुर्गला सूट आहे. २००९ पासून बायर्नच्या हातून विजेतेपद कोणी कोणी हिसकावलं ते मोजा: वोल्फ्सबुर्ग २००९ (फोक्सवॅगन), डॉर्टमुंड २०११ आणि २०१२, लेव्हरकुसेन २०२४ (बायर). तिघांत दोघे कंपनीचे. म्हणजे बाहेरच्या पैशानेच मक्तेदारी मोडली, आणि "क्लब सभासदांचा" हा सोवळा नियम बायर्नच्या पथ्यावर पडला. ज्याचं दुकान आधीच मोठं, त्याला नवा दुकानदार आलेला नकोच असतो.

जुन्या दिवसांचे उमाळे तर नकोतच. नॉटिंगहॅम फॉरेस्टने १९७९ आणि १९८० ला युरोपियन कप (युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, आजची चॅम्पियन्स लीग) जिंकला, ही गोष्ट प्रत्येक जण डोळे पुसत सांगतो. १९७९ च्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल ट्रेव्हर फ्रान्सिसचा होता. ब्रिटनमधला पहिला दहा लाख पौंडांचा खेळाडू तो हाच. ब्लॅकबर्न १९९५ ला इंग्लंडची लीग जिंकलं ते जॅक वॉकरच्या पोलादाच्या पैशावर. पैसा तेव्हाही होता, फक्त आपल्या टीव्हीवर दिसत नव्हता.

कोप_कोथरूड

व्हिर्ट्झला आम्ही लिव्हरपूलवाल्यांनी पळवून नेलं नाही, रोख मोजून आणलंय. :)

गंमत सोडा. इंग्लंडच्या प्रीमियर लीगला शिव्या घालणाऱ्यांनी तिची वाटणी बघावी. देशातल्या प्रक्षेपणाच्या पैशातला निम्मा भाग सगळ्यांना सारखा मिळतो. शेवटच्या क्रमांकावरचा क्लबही वर्षाला १० कोटी पौंडांहून जास्त घेऊन जातो. स्पेनमध्ये २०१५ च्या कायद्याआधी रेआल आणि बार्सा आपापले हक्क स्वतंत्र विकून मलई खात होते. सर्वांत समान वाटप आमच्याकडे आहे.

पिवळी_भिंत

@कोप_कोथरूड, घरात समान वाटप आणि शेजाऱ्याच्या ताटातलं ओढून घ्यायचं, असं आहे ते. तुमचा तळाचा क्लब दुसऱ्या देशाच्या विजेत्याकडचा खेळाडू उचलू शकतो, याला समानता म्हणायची? आणि तुमच्याकडे तरी काय चाललंय? २०२३-२४ मध्ये वर चढलेले तिन्ही क्लब त्याच वर्षी खाली, २०२४-२५ मध्ये पुन्हा तिन्ही खाली.

@हिशेबनीस, आमच्या डॉर्टमुंडचं नाव घेतलंत म्हणून जुनी जखम उघडतो. एप्रिल २०१३, चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी, रेआल माद्रिदविरुद्ध पहिला सामना उद्यावर. आदल्या दिवशी बातमी: गोट्झे बायर्नला चालला. दुसऱ्या दिवशी लेवांडोव्स्कीने चार गोल मारले. पुढच्या वर्षी करार संपताच तोही बायर्नला. २०१६ मध्ये हुमेल्स. प्रतिस्पर्ध्याला मैदानात हरवण्यापेक्षा त्याचं स्वयंपाकघर रिकामं करणं स्वस्त पडतं. बायर्नकडे याला पैसा येतो कुठून? दरवर्षी चॅम्पियन्स लीग, दरवर्षी बक्षिसाची रक्कम, तीच पुन्हा दरवर्षी चॅम्पियन्स लीग. चक्रवाढ व्याज आहे हे.

हिशेबनीस

@पिवळी_भिंत, डेंबेलेला २०१६ मध्ये रेन्सकडून कोणी आणलं, आणि वर्षभरात बार्सेलोनाला १० कोटी युरोंहून जास्त किमतीला कोणी विकलं? हालांड साल्झबुर्गकडून, बेलिंगहॅम बर्मिंगहॅमकडून. रेन्सच्या माणसाने धागा काढला तर त्यात खलनायक तुम्ही असाल.

थेट_मुद्दा

एवढं चऱ्हाट कशाला? आयपीएलसारखं करा. सगळ्यांना खर्चाची सारखी मर्यादा, लिलाव, विषय संपला.

मडगांवकार

@थेट_मुद्दा, आयपीएलमध्ये तळाला गेलेला संघ पुढच्या वर्षी तिथेच असतो, हे विसरलात. चढउतार (तळाचे खालच्या श्रेणीत, तिथले विजेते वर) काढल्याशिवाय तसला लिलाव जमत नाही, आणि चढउतार काढला की काय होतं ते आम्हा गोंयकारांना विचारा. धेंपो पाच वेळा देशाचे विजेते. पण पैसेवाल्यांची बंद दाराची लीग वर बसवायची आणि जुन्यांना तिच्यात चढायला शिडी ठेवायची नाही, असा आराखडा आला तेव्हा २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिघांनीही आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशाची मुख्य लीग, सोडली. चुरस वाढली असेलही. पण माझ्या घरच्यांना ज्या संघासाठी भांडायची सवय होती तो संघच यादीत नव्हता. पंधरा वर्षं सतत हरणारा आपला क्लब मला चालेल, पण तो असायला हवा.

रात्रपाळी_प्रेक्षक

@मडगांवकार, यावर काही बोलायला उरलंच नाही. बंद लीग नकोच.

@हिशेबनीस, फ्रान्सिसचा मुद्दा मान्य. पण फॉरेस्ट १९७७ मध्ये वरच्या श्रेणीत आलं आणि १९७८ मध्ये विजेतं झालं. ती शिडी तेव्हा चढण्याजोगी होती. बुंडेसलिगाची पहिली सात वर्षं बघा: कोलोन, ब्रेमेन, १८६० म्युनिक, ब्राउनश्वाइग, न्युर्नबर्ग, बायर्न, म्योन्शनग्लाडबाख. सात हंगाम, सात विजेते. १९६८ चं विजेतं न्युर्नबर्ग १९६९ मध्ये खाली घसरलं! तेव्हा पगाराला मर्यादा होती. इंग्लंडात १९८३ पर्यंत यजमान क्लब तिकीटविक्रीतला वाटा पाहुण्या संघाला द्यायचा. सामना दोघांनी मिळून होतो, मग गल्ला एकाचा कसा, एवढा साधा विचार.

मला तोच विचार चॅम्पियन्स लीगच्या पैशाला लावायचा आहे. पीएसजीने २०२५ मध्ये इटलीच्या इंटरला ५-० हरवून कप नेला, तर बक्षिसातला मोठा भाग फ्रान्सच्या लीगमधल्या बाकी क्लबांना मिळावा. पीएसजी आठवड्याला कुणाशी खेळून तयार होतं? त्यांच्याशीच. आणि त्या लीगचे प्रक्षेपणाचे करार आधी २०२० मध्ये कोसळले, मग २०२४ चा नवा करार एका हंगामात मोडला. एक क्लब युरोपातून थैल्या आणतो, बाकीचे दिव्याच्या तेलाला महाग.

हिशेबनीस

पगाराची मर्यादा होती, बरोबर. हेर्था बर्लिनला १९६५ मध्ये खाली का ढकललं? टेबलाखालून खेळाडूंना पैसे दिले म्हणून. नियम आला की पळवाट त्याच्या पाठोपाठ येते. आजही चेल्सीने हिशेब जुळवायला आपलीच दोन हॉटेलं आपल्याच भावंड कंपनीला विकली. युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, संघावरचा खर्च उत्पन्नाच्या ७० टक्क्यांवर बांधला, म्हणजे ज्याचं उत्पन्न जास्त त्याला ७० टक्केही जास्तच. न्यूकॅसलचे सौदी मालक हेच रडगाणं गातात, आणि या एका बाबतीत मला त्यांचं पटतं.

तुमचं वाटप कागदावर छान आहे. पण बक्षिसाला हात लावलात की मोठे क्लब दार आपटून निघतील. एप्रिल २०२१ मध्ये १२ जणांनी आपली वेगळी सुपर लीग जाहीर करून दाखवलीच.

रात्रपाळी_प्रेक्षक

आणि दोन दिवसांत इंग्लंडचे सहाही क्लब शेपूट घालून परत आले, कारण चेल्सीचेच प्रेक्षक स्टॅमफर्ड ब्रिजबाहेर रस्ता अडवून उभे राहिले. त्या धमकीची किंमत तेव्हाच कळली. आता वाटाघाटीला बसताना तिला एवढं का घाबरायचं?

पिवळी_भिंत

+१. अवांतर: सुपर लीगला तेव्हा नाही म्हणणाऱ्यांत आमच्या डॉर्टमुंडबरोबर बायर्नही होतं. हे टाइप करताना हात थरथरतोय, पण खरं आहे ते आहे.