गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांची पात्रता कशी पडताळावी?

प्रश्न: आईला दोन्ही गुडघ्यांचे सांधेरोपण सुचवले आहे. डॉक्टरांच्या पाटीवर एम.एस. (ऑर्थो) आणि खाली फेलोशिपची लांबलचक यादी आहे. त्यातले नेमके काय पाहावे?

उत्तर १: एम.एस. (ऑर्थो) ही अस्थिरोगातली पदव्युत्तर पदवी एम.बी.बी.एस.नंतरच्या तीन वर्षांची, तर डी.ऑर्थो ही त्याच विषयातली पदविका दोन वर्षांची. फेलोशिप, म्हणजे एखाद्या विषयातले जादा प्रशिक्षण, मात्र काही आठवड्यांचीही असू शकते, म्हणून तिचा कालावधी संकोच न करता विचारावा. औषधाच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक देणे वैद्यकीय आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांनुसार बंधनकारक असून, तो महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे पडताळता येतो.

उत्तर २: पदवीइतकाच सराव महत्त्वाचा, असे मला मनापासून वाटते. वर्षभरात किती सांधे बदलले, हे जरूर विचारा. बाबांच्या फाइलमध्ये कृत्रिम सांध्याचा कंपनी, माप आणि लॉट क्रमांक (उत्पादनाच्या खेपेचा क्रमांक) असलेला स्टिकर चिकटवलेला होता. तसा आपणही मागून घ्या. या सांध्यांच्या किमतींवर ऑगस्ट 2017 मध्ये सरकारने मर्यादा घातली, त्यामुळे बिलात त्यांची रक्कम स्वतंत्र दाखवायला सांगा.