केंब्रिजमध्ये एकच संध्याकाळ असेल तर ‘ईगल’मध्ये बसू नका

मिलरोडकर (धागाकर्ता)

उन्हाळा लागला की पुण्या-मुंबईहून पाहुणे यायला लागतात. किंग्ज कॉलेजचं चॅपल होतं, पंटिंग (सपाट होडीतून नदीवर फेरी) होतं, आणि पाच वाजले की ठरलेला प्रश्न येतो: "तो डीएनएवाला पब कुठे आहे?" तो बेनेट स्ट्रीटवर आहे, नाव ‘द ईगल’. पाहून जरूर या, पण हातात एकच संध्याकाळ असेल तर ती तिथे घालवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

ईगलला नाव मिळालं ते शेजारच्या, डीएनएची रचना जिथे उलगडली त्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेमुळे. तिथली मंडळी दुपारी जेवायला यायची आणि जेवताना वाद घालायची. त्यातली रेण्वीय जीवशास्त्रवाली १९६२ मध्ये ॲडनब्रुक्स रुग्णालयाच्या आवारात गेली आणि १९७४ मध्ये कॅव्हेंडिशच गावाबाहेर पश्चिमेला हलली. आज त्या टेबलांवर बहुतेक तुमच्या-माझ्यासारखे पाहुणेच असतात, एका हातात पेला आणि दुसऱ्या हातात फोन धरून.

तिथून पंधरा मिनिटं चाला. ख्राइस्ट्स पीसेसचं मैदान ओलांडलं की प्रॉस्पेक्ट रो नावाची गल्ली लागते. विटांच्या घरांच्या ओळीतच ‘फ्री प्रेस’ आहे. पाटी दिसली नाही तर पुढे निघून जाल, इतका साधा. आत लाकडी बाकं आणि एका कोपऱ्यात लाकडी आडोसा घालून केलेली एवढीशी खोली. चार माणसं बसली की गुडघ्याला गुडघे लागतात. गाणी नाहीत, मोबाइलवर बोलायला मज्जाव म्हणून तर या पबचं नाव झालेलं. त्यामुळे माणसं बोलतात. शेजारचा अनोळखी म्हातारा तुम्हाला कुठून आलात विचारतो आणि तासभर गप्पा होतात. किंग स्ट्रीटवरचा ‘चँपियन ऑफ द थेम्स’ही त्याच जातीचा: दोन लहानशा खोल्या आणि खिडकीच्या काचेवर कोरलेले वल्हेकरी.

पब म्हणजे गावाची ओसरी. ती पाहायची असेल तर गावातली माणसं बसतात तिथेच बसायला हवं.

जनुकवेडी

अजिबात सहमत नाही. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते आणि माझ्या विद्यार्थ्यांना सांगते की केंब्रिजला गेलात तर ईगलमध्ये बसाच.

२८ फेब्रुवारी १९५३ ला दुपारी, डीएनएची रचना उलगडणाऱ्या जोडीतले फ्रान्सिस क्रिक तिथे आले आणि "आम्हाला जीवनाचं रहस्य सापडलं" असं सगळ्यांना सांगत सुटले, ही जोडीतले दुसरे, जेम्स वॉटसन यांची आठवण. खुद्द क्रिक यांनी पुढे लिहिलं की असं काही बोलल्याचं मला आठवत नाही. पण ते वाक्य बाजूला ठेवा. रोजच्या जेवणात, उष्ट्या हातांनी, एकमेकांच्या कल्पना खोडत विज्ञान पुढे जातं, ते नेमकं कुठे घडलं हे डोळ्यांनी पाहता येईल अशा जागा जगात किती उरल्यात?

आणि त्या टेबलावर कोण नव्हतं तेही पाहा. रोझलिंड फ्रँकलिन लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये होत्या. ज्या क्ष-किरण चित्रामुळे डीएनएच्या मळसूत्री रचनेचा अंदाज पक्का झाला ते त्यांच्या प्रयोगशाळेतलं. तिथे प्राध्यापकांची एक बैठकीची खोली फक्त पुरुषांसाठी होती. जेवणाच्या टेबलावर विज्ञान ठरत असेल आणि एका शास्त्रज्ञाला टेबलच मिळत नसेल, तर तिचं काय होतं याचा धडा ईगलच्या दारातच आहे. बाहेरच्या पाटीवर क्रिक आणि वॉटसन अशी दोनच नावं होती. कुणीतरी खाली हाताने ‘+ फ्रँकलिन’ असं लिहिलं. आता नव्या पाटीवर त्यांचं नाव रीतसर आहे. त्या १९५८ मध्येच गेल्या, नोबेल दिलं गेलं १९६२ मध्ये. मुलींना घेऊन जाणाऱ्यांनी तर हे तिथे बसून, सावकाश सांगावं.

भटक्या

जनुकवेडी यांना +१, पण माझं कारण वेगळं. डीएनएच्या नादात लोक मागच्या खोलीत जातच नाहीत. दुसऱ्या महायुद्धात आसपासच्या तळांवरचे ब्रिटिश आणि अमेरिकन वैमानिक तिथे बसायचे आणि मेणबत्तीने, लायटरने छतावर आपली नावं, तुकड्यांचे क्रमांक उमटवायचे. काजळीची ती अक्षरं अजून आहेत. मान वर करून एकेक अक्षर लावत बसायला अर्धा तास लागतो. विशीतली पोरं होती ती. दुसऱ्या दिवशी गावाजवळच्या मॅडिंगलीच्या अमेरिकन दफनभूमीत जा, तिथे ३८०० हून अधिक कबरी आहेत आणि ज्यांचा पत्ताच लागला नाही अशा पाच हजारांवर लोकांच्या नावांची भिंत आहे. हे दोन्ही एकत्र पाहिलं की मग ‘पाहून बाहेर पडा’ असं म्हणवत नाही.

मिलरोडकर

भटक्या, छताबद्दल मान्य, एक शब्द नाही बोलायचा. जनुकवेडी, पाटी बाहेर आहे, ती वाचायला आत टेबल अडवावं लागत नाही. तुम्ही म्हणता तो जेवणावरचा वाद मला महत्त्वाचा वाटतो म्हणूनच मी फ्री प्रेस सुचवतोय. वाद घालायला शेजारच्याचं बोलणं ऐकू यायला हवं.

चकोर

कुणीच बिअरबद्दल बोलत नाहीये म्हणून लिहितो. आपले लोक पहिला घोट घेतात आणि "गरम आहे" म्हणून तोंड वाकडं करतात. ती गरम नसते. पिंपात शेवटपर्यंत आंबत राहणारी ही बिअर तळघरात साधारण ११ ते १३ अंशांवर ठेवतात आणि हातपंपाने वर ओढतात. वरून वायू भरत नाहीत. पिंप एकदा उघडलं की तीन-चार दिवसांत संपायला हवं, नाहीतर आंबूस लागते. म्हणून पब निवडताना इतिहासाआधी गिऱ्हाईक किती आहे ते बघा. या कसोटीवर ईगलही नापास होत नाही, तिथे खप दांडगा आहे. हातपंपाची बिअर अनोळखी असेल तर आधी चव मागा, घोटभर देतात, संकोच करू नका. मेमध्ये येणार असाल तर जीझस ग्रीनवरचा बिअर महोत्सव गाठा, १९७४ पासून चालू आहे. एका संध्याकाळीच्या हिशेबात तो या सगळ्या पबांच्या वर.

आजीबाई लंडनकर

तुम्हा सगळ्यांचं चाललंय ते दोन मित्रांसाठी. माझ्याकडे येतात सून, मुलगा, दोन नातवंडं आणि व्याही. फ्री प्रेसच्या त्या आडोशात आम्ही मावणार कुठे? आमच्यापैकी निम्मे पीतही नाहीत. तरी पबला जाते, कारण इथे लिंबू-सोडा घेऊन दोन तास बसलं तर कुणी वळून बघत नाही. आपल्याकडच्या बारसारखं ते नाही, हे व्याह्यांना दर वेळी पटवावं लागतं.

मिडसमर कॉमनवरच्या ‘फोर्ट सेंट जॉर्ज’ला जा. समोर नदी, पलीकडे कॉलेजांची नौकागृहं, मैदानावर तांबड्या गाई चरत असतात. पोरं पळतात, मोठे बसतात. बोट जवळून गेली की मागच्या टोकाला बसलेल्या सुकाणूवाल्याचं ओरडणंसुद्धा ऐकू येतं. दुपार मोकळी असेल तर नदीकाठच्या कुरणातून ग्रँटचेस्टरला चालत जा, ऑर्चर्डच्या बागेत चहा घ्या, आणि चहा नको असणाऱ्यांना जवळच्या ‘ब्लू बॉल’मध्ये सोडा.

सर्किट

संगणकवाल्यांसाठी ब्रिज स्ट्रीटवरचा ‘बॅरन ऑफ बीफ’. डिसेंबर १९८४ मध्ये घरगुती संगणक बनवणारे क्लाइव्ह सिंक्लेअर तिथे क्रिस करी यांच्यावर धावून गेले, गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने मारत. करी त्यांचे जुने सहकारी, तेव्हा एकॉर्न या प्रतिस्पर्धी संगणक कंपनीत होते आणि एकॉर्नच्या जाहिरातीत सिंक्लेअरची यंत्रं बिघडून परत येतात असं छापलं होतं. त्याच एकॉर्नने पुढच्या वर्षी पहिला एआरएम प्रोसेसर बनवला. तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय त्यात बहुधा त्याचाच वंशज आहे. रँग्लर परांजपे १८९९ मध्ये गणितात पहिले आले ते सेंट जॉन्स कॉलेज त्याच रस्त्यावरून दिसतं. तेव्हा मराठी माणसाला तिकडे फिरकायला दोन कारणं आहेत.

मिलरोडकर

आजीबाई, कुटुंबासाठी फोर्ट, हे मी मान्य करतो, वरच्या सल्ल्याला ही दुरुस्ती समजा. दोघा-तिघांसाठी मात्र फ्री प्रेसच. आणि ईगल पाहायचाच तर उघडल्या उघडल्या जा, गर्दीच्या आधी, छत नीट वाचता येईल.

जनुकवेडी

नको. दुपारी एक वाजता, भर गर्दीत जा. ती मंडळी त्याच वेळी, तशाच गोंगाटात जेवत होती. जागा मिळाली नाही तर उभ्याने खा.