मदत हवी आहे : युद्धापूर्वीच्या प्रचाराची जुनी मराठी कागदपत्रे

नमस्कार. युद्धापूर्वी लोकमत कसे वळवले जाते, या विषयावर पुढील महिन्यात सोलापुरातील आमच्या वाचक मंडळात मला बोलायचे आहे. ऑक्टोबर १९९० मध्ये पंधरा वर्षांच्या एका मुलीने, इराकी सैनिकांनी कुवेतच्या रुग्णालयात अर्भकांना काचपेटीतून काढून मरायला सोडले, अशी साक्ष अमेरिकी लोकप्रतिनिधींपुढे रडत रडत दिली. ती कुवेतच्या राजदूतांची कन्या होती आणि त्या साक्षीमागे जनसंपर्क कंपनी होती, हे उघड होईपर्यंत अमेरिकेचे इराकविरुद्धचे आखाती युद्ध होऊन गेले होते. हे वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे.

मात्र मला आपल्याकडचे उदाहरणही हवे आहे. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतीय नेत्यांना न विचारताच भारत युद्धात उतरल्याचे जाहीर केले, म्हणजे लोकांची संमती मागितलीच नव्हती. तरीही भरतीसाठी त्यांचे मन वळवावेच लागले. आजोबांच्या ट्रंकेत सैन्यभरतीचे एक मराठी पत्रक सापडले. घडीवर ते फाटले आहे, तरी पगाराची ओळ वाचता येते.

अशी पत्रके किंवा १९३९-४० मधील मराठी वृत्तपत्रांचे अंक सोलापुरात कोठे पाहता येतील? कोणाच्या घरी असल्यास मी स्वतः येऊन, जागेवरच पाहून टिपणे घेईन.