मदत हवी आहे : ‘शलियाख’ला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी, वाचनालयाच्या अंकासाठी ज्यूंच्या लुबाविच हसिदी पंथाचे रब्बी (धर्मगुरू) मेनाखेम मेंडेल श्नीरसन (१९०२-१९९४) यांच्यावर लिहितोय आणि एका शब्दाशी अडलोय.

१९५१मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये त्यांनी पंथाची धुरा घेतली. मग धर्मापासून दुरावलेल्या ज्यूंकडे आपणच जायचं, या हेतूने तरुण जोडपी देशोदेशी धाडली. अशा दूताला ‘शलियाख’ म्हणतात. रस्त्यात भेटेल त्या ज्यूला थांबवून तेफिलिन (प्रार्थनेच्या वेळी दंडाला आणि कपाळाला बांधायच्या, धर्मवचनं ठेवलेल्या चामडी डब्या) बांधायला सांगायची, ही मोहीमही त्यांचीच, १९६७ची. पुढे, उतारवयात, रविवारी तासन्‌तास उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला ते एकेक डॉलर द्यायचे, दानधर्मासाठी! (मला सगळ्यात भावलं ते हेच.)

मी आधी ‘धर्मप्रचारक’ लिहिलं, पण खटकलं. हे लोक इतरांना ज्यू करायला जात नाहीत, फक्त आपल्याच माणसांना साद घालतात. ‘दूत’ कोरडा वाटतो, ‘सेवेकरी’ फारच आपल्या मठातला.

कुलाब्याच्या नरिमन हाउसमधले रब्बी गॅव्हरिएल आणि रिव्का होल्ट्झबर्ग असेच आलेले. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात दोघंही मारले गेले. लेखाचा शेवट तिथे येतो, म्हणून शब्द नेमका हवा.

इथे कुणी बेने इस्रायली आहेत का? तुमच्या घरच्या मराठीत यांना काय म्हणतात? आणि तेफिलिनला वेगळा शब्द आहे का? अंक पुढच्या आठवड्यात छापायला जातोय.