०-१६ चा मोसम कसा घडतो? : अनुभव धागा

एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, मोसमातले सोळाच्या सोळा सामने हरलेले संघ दोनच: २००८ चे डेट्रॉइट लायन्स आणि २०१७ चे क्लीव्हलंड ब्राउन्स. (२०२१ पासून सामने सतरा झालेत, त्यामुळे हा आकडा आता तसाच राहील.) जे फुटबॉल बारकाईने बघतात त्यांनी लिहावं. कोण किती रडलं ते नको. नेमकं काय, कुठे आणि किती बिघडलं ते हवं. सुरुवात ब्राउन्सपासून करूया.

आकडेमोड्या

स्कोअरकार्ड हातात आलं की गुण नंतर बघा, आधी टर्नओव्हर बघा. इंटरसेप्शन (आपला पास समोरच्याने झेलणं) किंवा हातून सुटलेला चेंडू, म्हणजे आपणहून समोरच्याला दिलेली पाळी. ब्राउन्सनी त्या मोसमात ४१ वेळा चेंडू दिला आणि १३ वेळा मिळवला. फरक उणे २८. सामन्यामागे जवळपास पावणेदोन पाळ्या फुकट! एवढ्या दिल्यावर बचाव कितीही झुंजला तरी त्याला मैदानाच्या नको त्या टोकाला उभं राहावं लागतं. गंमत म्हणजे धावून येणाऱ्यांना अडवण्यात हा संघ वाईट नव्हता, सामन्यामागे शंभर यार्डांच्या आतच देत होता. तरीही दिलेले गुण ४१०, केलेले २३४.

२८ इंटरसेप्शनपैकी २२ एकट्या क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) डिशॉन कायझरची, टचडाऊन (समोरच्याच्या एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, चेंडू पोचवणं) पास ११. पोरगा २१ वर्षांचा, ड्राफ्टच्या (दरवर्षीची नव्या खेळाडूंची निवड, संघ क्रमाने निवडतात) दुसऱ्या फेरीत निवडलेला. त्याच्या पासांपैकी निम्म्याहून थोडेच जास्त पोचत होते.

चौथा डाऊन

सगळे सामने एकतर्फी होते हा गैरसमज आहे. पहिल्याच सामन्यात, पहिल्याच पाळीत पंट (लाथेने चेंडू दूर मारून समोरच्याला देणं) अडवली गेली आणि स्टीलर्सनी एंड झोनमध्ये चेंडू पकडून टचडाऊन केलं. निकाल १८-२१. कोल्ट्सविरुद्ध २८-३१, जेट्सविरुद्ध १४-१७, टायटन्सविरुद्ध जादा वेळेत ९-१२. पॅकर्सविरुद्ध शेवटच्या पावात २१-७ आघाडी होती, तीही गेली. जादा वेळेत पकडीत सापडलेल्या कायझरने चेंडू वर भिरकावला, तो पॅकर्सनी झेलला आणि मग टचडाऊन: २१-२७.

यातलं शिकण्यासारखं उदाहरण मात्र डेट्रॉइटविरुद्धच्या सामन्यातलं. पहिला अर्धा संपायला काही सेकंद, टाइमआउट (घड्याळ थांबवण्याची मुभा) एकही नाही, चेंडू एंड झोनपासून दोन यार्डांवर. अशा वेळी हिशोब सोपा: एंड झोनमध्ये पास टाका. सुटला तर घड्याळ आपोआप थांबतं, मग फील्ड गोलचे (लाथेने खांबांमधून मारलेल्या चेंडूचे) तीन गुण तरी पदरात. कायझर स्वतःच चेंडू घेऊन ढिगाऱ्यात घुसला. अडवला गेला, आणि घड्याळ थांबवायला काहीच नव्हतं. अर्धा संपला, गुण शून्य. अशा क्षणी काय करायचं हे क्वार्टरबॅकला आधीच घोटवून घेणं हे प्रशिक्षकाचं काम, त्यामुळे सगळं खापर पोरावर फोडू नका.

ड्राफ्टवाला

मुळं त्याआधीची आहेत. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये ब्राउन्सकडे दुसरा क्रमांक होता. तो ईगल्सना विकून ते आठव्यावर आले, तिथून पुन्हा खाली पंधराव्यावर, आणि रिसीव्हर (पास झेलणारा) कोरी कोलमन घेतला. ईगल्सनी त्या दुसऱ्या क्रमांकावर क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झ घेतला. २०१७ मध्ये पहिल्या क्रमांकावर माइल्स गॅरेट घेतला (ती निवड शंभर टक्के बरोबर), पण बारावा क्रमांक टेक्सन्सना दिला आणि त्यांनी क्वार्टरबॅक डिशॉन वॉटसन उचलला. बदल्यात पंचविसावा क्रमांक आणि पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची निवड मिळाली. क्वार्टरबॅक ब्रॉक ऑस्वाइलरचा १ कोटी ६० लाख डॉलरचा पगार तर दुसऱ्या फेरीच्या निवडीसाठी मुद्दाम अंगावर घेतला, आणि मोसमाआधी त्याला सोडूनही दिला.

थोडक्यात, बियाणं साठवत गेले आणि पेरणीच राहिली. साठवण्याची कल्पना वाईट नाही. पण हातात क्वार्टरबॅक नसताना दोनदा क्वार्टरबॅकच्या जागेवरून खाली उतरणं, इथे गणित चुकलं.

शेवटच्या सामन्यातला क्षण बघा. पिट्सबर्ग (स्टीलर्सविरुद्ध), ३१ डिसेंबर, चौथा डाऊन (पाळीतला शेवटचा प्रयत्न), दोन यार्ड हवे, मागे फक्त चार गुणांनी. कायझर डावीकडे पळत नेमका पास टाकतो, चेंडू हातात येऊन सुटतो. हात कोणाचे? कोलमनचे. आणि पाच आठवड्यांनी सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकला ईगल्सनी. (वेंट्झ तेव्हा जखमी होता, खेळला निक फोल्स, हे मान्य.)

कागदोपत्री

एक भर. ३१ ऑक्टोबरला ए. जे. मॅकॅरन हा क्वार्टरबॅक बेंगॉल्सकडून घ्यायचं ठरलं होतं. मुदत दुपारी चारची. लागणारी कागदपत्रं वेळेत लीगकडे पोचली नाहीत, व्यवहार बाद. सव्वा महिन्यात, ७ डिसेंबरला, ब्राउन्सच्या फुटबॉल विभागाचे प्रमुख साशी ब्राउन यांना काढलं.

डावा टॅकल

ब्राउन्सचा डावा टॅकल जो थॉमस, त्याचं नाव अजून आलं नाही? उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डाव्या बाजूला असते, तिथून येणारा त्याला दिसत नाही. ती बाजू थॉमसने २००७ पासून सलग १०,३६३ स्नॅप (खेळी) सांभाळली, एकही न चुकवता. २२ ऑक्टोबरला टायटन्सविरुद्ध दंडाचा स्नायू फाटला आणि मोसम संपला. मार्चमध्ये मोठा पैसा ओतून बांधलेली क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची फळी तिथेच खिळखिळी झाली.

सिंहगट

लायन्सचं दुखणं वेगळं होतं, सरसकट तुलना करू नये. त्यांचा बचावच फुटला होता: ५१७ गुण दिले, आणि पूर्ण मोसमात बचावाला इंटरसेप्शन मिळाली फक्त चार. उलट कॅल्विन जॉन्सनने १,३३१ यार्ड आणि १२ टचडाऊन केले, म्हणजे माल होता. डॅन ऑर्लोव्हस्कीचा तो प्रसंग सगळ्यांना माहीत आहे: वायकिंग्सच्या जॅरेड ॲलनपासून पळताना तो स्वतःच्याच एंड झोनच्या मागच्या रेषेबाहेर गेला, सेफ्टीचे दोन गुण गेले, आणि सामना १०-१२ असा हरला. बरोबर दोनच गुणांनी.

दोन्ही संघांत एक साम्य मात्र आहे. दोघांनीही सरावाचे चारही सामने जिंकले होते. तिथे मुख्य खेळाडू थोडा वेळ खेळून बाहेर बसतात आणि निकाल ठरतो जागेसाठी धडपडणाऱ्यांवर. ऑगस्टमधल्या ४-० वर पैजा लावू नका.

आकडेमोड्या

@ड्राफ्टवाला, बियाणं शेवटी उगवलं की. २०१८ ला पहिल्या क्रमांकावर बेकर मेफील्ड, आणि टेक्सन्सकडून आलेली निवड चौथी निघाली, त्यावर डेंझेल वॉर्ड. २० सप्टेंबरला जेट्सविरुद्ध २१-१७ जिंकले. मेफील्ड मैदानात आला तेव्हा ०-१४ पिछाडी होती.