जुनं ऑइलचं वेल्डिंग मशीन शेतात परत चालू करायचंय, वायरिंग कशी करू?

रानमळा_बार्शी
राम राम मंडळी. बार्शी तालुक्यात वस्तीवर राहतो, सोयाबीन, ज्वारी आणि थोडा ऊस आहे. चुलत्यांनी पूर्वी गावात वेल्डिंगचं दुकान टाकलं होतं, ते बंद होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली. त्यातलं ऑइलचं मशीन तेव्हापासून कडब्याच्या शेडमध्ये पडून होतं, परवा बाहेर ओढलं. झाकणाखाली उंदरांनी घर केलेलं पण टाकी फुटलेली नाही. प्लेट घासून वाचली तर ४१५ व्होल्ट, २ फेज, २०० अँपिअर एवढं दिसतंय. पुढं पितळी पिना आहेत, ७० पासून २०० पर्यंत आकडे आहेत. मागून तीन वायरी निघतात, दोन लाल आणि एक हिरवी, हिरवी कुणीतरी कापून टाकलीय.

ट्रॉलीचा दांडा तुटला की १४ किलोमीटर जावं लागतं आणि सीझनमध्ये तिथं नंबर लागेपर्यंत दिवस जातो, म्हणून हे मशीन चालू व्हावं अशी लई इच्छा आहे. विहिरीवर साडेसात एचपीच्या मोटरची थ्री फेज लाइट आहे. स्टार्टरमधून दोन फेज काढून दिले तर चालेल का? की घरच्या सिंगल फेजवरच लावू? अर्थिंगचा क्लॅम्प जॉबला लागतोच, मग हिरव्या वायरची गरज आहे का? आणि टाकीत तेल अर्धंच राहिलंय, वरून इंजिन ऑइल टाकलं तर चालतं का?

मोटरवाइंडर_निफाड
दादा, आधी हिरव्या वायरचं बोलतो, बाकी सगळं नंतर. आपल्याकडं वेल्डरच्या क्लॅम्पलाही अर्थिंग म्हणतात आणि जमिनीत गाडलेल्या पाइपालाही अर्थिंगच म्हणतात, आणि या एका शब्दानं माणसं मरतात. क्लॅम्पची वायर म्हणजे फक्त करंट परत मशीनकडं नेणारी वायर, तिचा जमिनीशी काही संबंध नाही. हिरवी वायर मशीनच्या टाकीला लागते आणि तिथून सरळ जमिनीतल्या अर्थिंगला जाते. तुझं मशीन चाकांवर असणार, चाकं रबरी असली तर टाकी जमिनीपासून अलगद राहते. आत उंदरानं कुरतडलेली लाल वायर टाकीला टेकली की अख्खी टाकी २४० व्होल्टवर जाते, फ्यूज उडत नाही, मशीन मस्त चालत राहतं, कुणाला काही कळत नाही. मग कुणीतरी ओल्या रानात अनवाणी उभा राहून टाकीला हात लावतो.

माझ्या धाकट्या भावाचं असंच झालं. उसाला पाणी चालू होतं, पाय ओले, आणि पिन बदलायला त्यानं डावा हात टाकीवर टेकवला. ओरडताही येईना त्याला, नुसता थरथरत होता. मी मेन स्विचपासून चार पावलांवर होतो म्हणून तो आज आहे. त्या मशीनची पण हिरवी वायर कापलेलीच होती, जोडायला त्रास नको म्हणून.

तेव्हा पहिलं काम अर्थिंग. दीड इंची जीआय पाइप, निदान अडीच मीटर खोल, भोवती कोळसा-मीठ आणि उन्हाळ्यात बादलीभर पाणी. तिथून तांब्याची वायर थेट टाकीच्या बोल्टला, बोल्टखालचा रंग खरवडून. न्यूट्रलला जोडून अर्थिंग झालं म्हणू नको.

स्टार्टरमधून फेज काढू नको. स्टार्टर आणि त्यातला रिले मोटरच्या हिशेबानं असतो, वेल्डिंग मशीनच्या नाही. मेन स्विचनंतर आणि स्टार्टरच्या आधी वेगळा फाटा घे, त्याला डबल पोल एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) लाव ४० अँपिअरचा, आणि डी टाइपचा घे, कारण मशीनमधला ट्रान्सफॉर्मर चालू करताना क्षणभर एवढा करंट ओढतो की साधा सी टाइप उगाच पडत राहतो. २०० च्या पिनेवर मशीन ३५ अँपिअरच्या आसपास घेईल, म्हणून वायर ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची. किटकॅटमध्ये (फ्यूजच्या खाचेत) तांब्याच्या तारा पिळून घालायची सवय असेल तर इथं नको.

घरच्या सिंगल फेजवर ४१५ चं मशीन जळणार नाही पण उपयोगही नाही. पुढं ७५ व्होल्ट यायच्या जागी ४० च येतील आणि रॉड चिकटत राहील. याच्या उलट म्हणजे २३० चं मशीन दोन फेजवर मात्र कधी लावू नको, ते पेटतंच.

विदर्भ_वेल्डर
भाऊ, इंजिन ऑइल अजिबात नको टाकू. ट्रान्सफॉर्मर ऑइल वेगळं असते, ते थंड पण करते आणि इन्सुलेशनचं काम पण करते. जुन्या इंजिन ऑइलमध्ये काजळी आणि लोखंडाचा चुरा राहते, तो वाइंडिंगवर जाऊन बसते. टाकीच्या खालच्या बुचातून सगळं तेल काढ. पहिलं जे निघन ते काचेच्या बरणीत धर अन् रात्रभर राहू दे, पाणी असलं तर खाली वेगळं दिसते. जुन्या लोकांची आणखी एक रीत, लोखंडी सळई लालसर तापवून चमचाभर तेलात बुडवायची, तडतडलं तर तेलात पाणी आहे. टाकीपासून लांब करजो हे.

तेल काढल्यावर वाइंडिंग लगेच चालू नको करू, कडक उन्हात ठेव, आत १०० वॅटचे दोन पिवळे बल्ब लटकवून दोन-तीन दिवस सुकू दे. मग मेगर लाव ५०० व्होल्टचा, म्हणजे इन्सुलेशन किती चांगलं आहे ते मेगओहममध्ये मोजणारं यंत्र, गावात मोटर बांधणाऱ्याकडं असते. लाल वायर ते टाकी, होल्डरची (रॉड धरायच्या मुठीची) पिन ते टाकी, अन् लाल वायर ते होल्डरची पिन, असं तीनदा पहा. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, तिथं लीक असलं तर मेनचा करंट सरळ हातातल्या होल्डरवर येते. मला पाच मेगओहमच्या वर दिसल्याशिवाय मी मशीन लावत नाही.

शेतकरी_मित्र_जत
वायरिंगचं वरच्या दोघांनी सांगितलंच आहे. एक गोष्ट राहिली, शेतीपंपाच्या कनेक्शनवर पंप सोडून दुसरं काही चालवलं तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दरानं आकारणी होऊ शकते. आमच्या शेजाऱ्याला हे बिल आलेलं आहे. वीज कंपनीच्या ऑफिसात आधी विचारून घ्या दादा, आणि नुसतं वर्षातून चार-सहा वेळा लागत असेल तर सिंगल फेजवर चालणारं छोटं इन्व्हर्टर मशीन घरी ठेवलेलं बरं. ते हातात उचलून नेता येतं. पण तुमच्या मशीनचं तांबं चांगलं असेल तर टाकवणार नाही, हेही समजतं.

रानमळा_बार्शी
सगळ्यांचे मनापासून आभार. तेल काढलं, बरणीत खाली दोन बोटं पाणी निघालं. मोटर बांधणाऱ्याला वस्तीवर आणून मेगर लावला तर एक लाल वायर ते टाकी जवळजवळ शून्य. उघडून बघितलं तर जिथून वायर टाकीत शिरते तिथंच उंदरानं कुरतडून तांबं उघडं पाडलेलं आणि ते पत्र्याला टेकलेलं. म्हणजे निफाडच्या दादांनी जे लिहिलं तेच माझ्या शेडमध्ये होतं, आणि मी रविवारी तसंच लावणार होतो, थोरला पोरगा वायर धरायला येणार होता. वाचून अंगावर काटा आला.

आता दोन्ही वायरी नवीन घातल्या, तिथं रबरी ग्रोमेट बसवला, बल्ब लावून सुकवलं, नवीन तेल भरलं. तिन्ही रीडिंग आता वीसच्या वर आहेत. पाइप उद्या गाडतोय, आणि लाइटच्या ऑफिसात सोमवारी जाणार. मशीन चालू झाल्यावर आधी ट्रॉलीचा दांडा, मग रोटाव्हेटरची पाती जोडावी म्हणतो. कुठला रॉड घेऊ?

विदर्भ_वेल्डर
दांड्याला ६०१३ चा १० नंबर रॉड, पिन ११० च्या आसपास. रॉड ओलसर असले तर आधी चुलीच्या बाजूला सुकव. ट्रॅक्टरला जोडलेलं असताना वेल्डिंग करशील तर बॅटरीची वायर काढ अन् क्लॅम्प जॉबच्या अगदी जवळ लाव, लांब लावला तर करंट बेअरिंगमधून फिरते. रोटाव्हेटरची पाती जोडू नको भाऊ, ते कडक पोलाद आहे, जोडाच्या बाजूला तडा जाऊन फिरता फिरता तुकडा उडते. नवीन पातं घे.