फुकुशिमाच्या मच्छीमारांनी नको म्हटलं तरी पाणी समुद्रात सोडलंच, मग जपानच्या लोकशाहीत त्यांच्या मताला किंमत काय?

हर्णैचा_पोर

नमस्कार मंडळी. आमची हर्णैला बोट आहे, बाबा आणि काका जातात, मी बंदरावर लिलावाचा हिशोब बघतो. आता १ जूनपासून बंदी आहे, बोटी वर ओढल्यात, जाळी शिवायची सोडली तर संध्याकाळी काम नाही, त्यामुळे मोबाईलवर फुकुशिमाचं बघत बसलो आणि बघता बघता बाबाही शेजारी येऊन बसले.

जेवढं कळलं ते असं. ११ मार्च २०११ ला त्सुनामी आली, अणुभट्ट्या वितळल्या, त्या थंड ठेवायला ओतलेलं पाणी साठत साठत हजारावर टाक्या भरल्या. २०१५ ला सरकारनी आणि वीज कंपनीनी तिथल्या मच्छीमार संघाला लेखी दिलं की संबंधितांना पटल्याशिवाय ह्या पाण्याचं काही करणार नाही. लेखी, तोंडी नाही. मग २०२१ च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे पंतप्रधान सुगा यांच्या मंत्रिमंडळानी ठरवलं की समुद्रात सोडायचं, आणि २१ ऑगस्ट २०२३ ला पंतप्रधान किशिदा देशभरच्या मच्छीमार संघांच्या अध्यक्षांना भेटले, अध्यक्षांनी समोर बसून सांगितलं की आमचा विरोध आहे तो आहेच, आणि तिसऱ्या दिवशी म्हणजे २४ तारखेला पाणी सुटलं. हे पुढे तीसेक वर्षं चालणार म्हणतात.

बाबा एवढंच म्हणाले, तिकडे तर शिकलेली माणसं, लोकशाही आहे ना रे? मला उत्तर देता आलं नाही. त्यात वाचलं की १९५५ पासून जवळजवळ एकच पक्ष सत्तेत आहे. मग निवडणुका खऱ्या असतात का? मच्छीमाराच्या मताला तिथे वजन आहे का नाही? पाणी सेफ आहे का हा वाद इथे नको, त्यावर वेगळा धागा काढा प्लीज.

रत्नांग्रीची_सेन्सेई

मी रत्नागिरीत पोरांना जपानी शिकवते, नर्सिंगला आणि फॅक्टरीत जाणारी बरीच असतात, त्यांना तिथलं राजकारणही थोडं सांगते म्हणून लिहितेय.

निवडणुका शंभर टक्के खऱ्या असतात. मशीन नाही, शिक्काही नाही, मतदार पेन्सिलीनी उमेदवाराचं नाव स्वतःच्या हातानी लिहितो. त्यामुळे बरेच उमेदवार आपलं नाव अवघड कान्जी लिपीत न छापता सोप्या हिरागाना लिपीत छापतात, म्हाताऱ्या मतदाराला लिहिता यावं म्हणून. आणि तो पक्ष, म्हणजे लिबरल डेमोक्रॅटिक पार्टी, हरलाय पण. १९९३ ला सत्ता गेली, २००९ ला तर सपाटून हरले. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये खालच्या सभागृहातलं बहुमत गेलं आणि २०२५ च्या जुलैमध्ये वरच्याही. पण विरोधक एक झाले नाहीत, त्यामुळे पंतप्रधान त्यांचाच राहिला, आधी इशिबा आणि मग ताकाइची, त्या तिथल्या पहिल्या बाई पंतप्रधान.

आता मुद्दा वजनाचा. गावाकडच्या मताला तिथे वर्षानुवर्षं शहरापेक्षा जास्त वजन होतं, कारण माणसं टोकियो ओसाकाला गेली पण मतदारसंघ तसेच राहिले. १९७२ च्या निवडणुकीत हा फरक जवळजवळ पाच पट होता, म्हणजे गावातलं एक मत शहरातल्या पाच मतांएवढं. सुप्रीम कोर्टानी १९७६ ला ते घटनाबाह्य ठरवलं पण निकाल मात्र रद्द केला नाही. नंतर फरक कमी होत गेला. ह्या गावाकडच्या मतांवर तो पक्ष उभा आहे, शेतकऱ्यांच्या सोसायट्या, मच्छीमारांच्या सोसायट्या, प्रत्येक आमदार खासदाराचं गावोगावी मंडळ, त्याला कोएन्काई म्हणतात, लग्नाला मयताला हजर राहणारं.

म्हणजे मच्छीमार त्या पक्षाच्या आतले आहेत, बाहेरचे नाहीत. त्याचा फायदा असा की पैसे लगेच मिळतात. पाणी सोडायच्या आधीच मासळीचा भाव पडला तर म्हणून ३० अब्ज येनचा एक फंड आणि धंदा चालू राहावा म्हणून ५० अब्ज येनचा दुसरा, असं बाजूला काढलं होतं. पण आतला माणूस सरकार पाडायला निघत नाही हे सरकारला पण माहीत असतं. मला वाटतं तुझ्या बाबांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे.

नाटे_खाडी

सेन्सेई, तुमचं बरोबर आहे पण निम्मं नाही, पाव उत्तर आहे. मी राजापूर तालुक्यातला, जैतापूरच्या प्रकल्पामुळे आम्ही २०११ पासून जपानचं जेवढं वाचलंय तेवढं दहावीला पुस्तक वाचलं नव्हतं. सहा अणुभट्ट्या, १०३८० मेगावॉट, आणि समोर आमची मासेमारी. म्हणून हा विषय माझ्यासाठी टाईमपास नाही.

तर ऐक हर्णैकर. जपानात किनाऱ्याजवळच्या समुद्रावर मच्छीमारांचा कायदेशीर हक्क आहे. युद्धानंतर, अमेरिकन लष्कर तिथे बसलेलं असताना, कुळांना जमिनी दिल्या तसाच १९४९ ला मासेमारीचा कायदा झाला आणि गावाच्या समोरचा समुद्र गावच्या मच्छीमार सोसायटीच्या हक्कात आला. लायसन नाही, हक्क. कोर्टात जवळजवळ जमिनीच्या मालकीसारखा धरतात. तिथे भराव टाकायचा, अणुभट्टीचं गरम पाणी सोडायचं, तर सोसायटीनी तो हक्क सोडावा लागतो आणि त्यासाठी सभासदांच्या सभेत दोन तृतीयांश मतं लागतात. आपल्याकडे जमिनीचा सातबारा असतो म्हणून जमीनवाल्याला नोटीस येते, दर्याचा सातबारा नसतो म्हणून मच्छीमाराला कोण विचारत नाही. तिथे दर्याचा सातबारा आहे असं समज.

आणि तो चाललाय बरं का. मिए प्रांतात आशिहामाला १९६३ पासून अणुप्रकल्प आणायचा होता, तिथल्या मच्छीमारांनी ३७ वर्षं होऊ दिला नाही, २००० ला गव्हर्नरनीच सांगितलं मागे घ्या आणि कंपनीनी घेतला. यामागुची प्रांतात कामिनोसेकीला १९८२ पासून प्रकल्प अडकलाय, समोरच्या इवाईशिमा बेटावरच्या मच्छीमारांनी त्यांच्या वाट्याचे नुकसानभरपाईचे पैसे आले तरी घेतले नाहीत. बेटावर शेकड्यात मोजावी एवढीच माणसं, बहुतेक म्हातारी, तरी दर सोमवारी मोर्चा काढत आलीत. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी आमच्या आजीला वाचून दाखवलं होतं. निइगाता प्रांतात माकी म्हणून गाव आहे, तिथे तर मच्छीमारच नाही तर सगळ्या गावानी ४ ऑगस्ट १९९६ ला मतदान केलं, साठ टक्क्यांच्या वर नको म्हणाले, २००३ ला कंपनी गेली.

मग फुकुशिमाला का नाही जमलं? कंपनीनी समुद्राखालून एक किलोमीटरचा बोगदा काढला आणि त्याचं तोंड बरोब्बर अशा पट्ट्यात नेलं जिथे मासेमारीचा हक्क लागू नाही. तिथे हक्क नाही म्हणून सभा नाही, सभा नाही म्हणून दोन तृतीयांश नाही. उरलं काय तर २०१५ चं पत्र. पत्रात पटल्याशिवाय असं लिहिलंय, पण पटलं हे कोणी ठरवायचं ते लिहिलं नाही. अध्यक्ष म्हणाले विरोध कायम आहे पण शास्त्रीय बाजू आधीपेक्षा समजली, सरकारनी त्यातलं समजली एवढं उचललं. सप्टेंबर २०२३ ला तिथले मच्छीमार आणि रहिवासी फुकुशिमाच्या कोर्टात गेले ते ह्यासाठीच.

तेव्हा बाबांना सांग, लोकशाही होती, पण मत द्यायची जागाच बोगद्यानी ओलांडली.

रत्नांग्रीची_सेन्सेई

बोगद्याच्या तोंडाचं मी एवढ्या बारकाईनी वाचलं नव्हतं, मानते. फक्त एक, तो १९४९ चा कायदा आता तसाच नाहीये. २०१८ ला बदलला, २०२० च्या डिसेंबरपासून लागू झाला, आता काही ठिकाणी मत्स्यशेतीचा हक्क सोसायटीला डावलून कंपनीला देता येतो. आणि हक्क कागदावर राहिला तरी सभासद म्हातारे होऊन संपतायत. पोरं बोटीवर येत नाहीत. इवाईशिमाला पुढच्या वीस वर्षांनी सभा भरवायला माणसं असतील का, ह्याची मला जास्त काळजी वाटते.

हर्णैचा_पोर

नाटे_खाडी, बाबांना वाचून दाखवलं, दोनदा वाचायला लावलं. अजून एक, चीननी मासे बंद केले ते मच्छीमारांच्या बाजूनी होतं का?

कोळंबी_एक्स्पोर्ट

मी एक्स्पोर्टच्या लाईनमधे आहे त्यामुळे हे मी सांगतो. बाजूनी बिजूनी काय नाही. पाणी सुटलं त्याच दिवशी चीननी अख्ख्या जपानचं सीफूड बंद केलं. सगळ्यांना वाटत होतं फुकुशिमाचा मच्छीमार मरेल, त्याचा माल तर चीनला जातच नव्हता, आणि जपानी लोकांनी तो मुद्दाम घेऊन खाल्ला. मार बसला पार उत्तरेला होक्काइदोला, स्कॅलपवाल्यांना. मोठ्या शिंपल्या असतात, त्या चीनला जायच्या, तिथे हातानी सोलून पुढे अमेरिकेला. गिऱ्हाईक आणि सोलणारा एकाच दिवशी गेला, कोल्ड स्टोरेज भरून राहिली. मग जपाननी सोलायला दुसरे देश शोधले आणि अमेरिकेच्या सैन्यानी जपानमधल्या तळांसाठी तो माल घेतला. अमेरिका-जपानचा १९६० चा सुरक्षा करार शिंपल्यांच्या कामी आला म्हणायचं. जून २०२५ ला चीननी थोडं उघडलं, फुकुशिमा धरून दहा प्रांत वगळून, आणि नोव्हेंबरमध्ये ताकाइची संसदेत तैवानबद्दल बोलल्या की परत बंद. आता सांगा ह्यात पाण्याचा संबंध कुठे राहिला? कंटेनर अडकला की काय होतं ते मी बघितलंय, मालकाला एक वेळ पैसे मिळतात, सोलणाऱ्या बायकांना दुसऱ्या दिवसापासून काम नसतं.

मालवणी_तांडेल

नाटेकरानू, सातबाऱ्याचा बोललास ता काळजाक लागला. आमच्याकडे रापणकरांचे, म्हणजे किनाऱ्यावरसून जाळा ओढणाऱ्यांचे संघ आसत, पिढ्यानपिढ्या कोणाची रापण खंय लागतली ता ठरलेला आसा, भांडाण झाला तर गावात बसान मिटवतत. पण ता कायद्याच्या कागदार खंय लिवलेला नाय. सोसायटीत डिझेलच्या परताव्याक जातव, दर्याच्या हक्काक कोण जायना, कारण तो तिकडे नायच. पर्ससीनवालो, म्हणजे मोठ्या यांत्रिक जाळ्याचो, आमच्या तोंडासमोर येता तेव्हा आमी अर्ज करतव. जपानी मच्छीमार अर्ज करणा नाय, तो सभा लावता. ह्यो फरक माका आज कळलो.

हर्णैचा_पोर

सगळ्यांचे आभार. नारळी पौर्णिमेच्या आधी आमच्या सोसायटीची मिटिंग असते, बाबा म्हणतायत ते दोन तृतीयांशचं तिथे मांड. सेन्सेई, त्या १९४९ च्या कायद्यातला सोसायटीच्या हक्काचा भाग मराठीत करून द्याल का, एक पान चालेल. बोलीत असू दे, तांडेल लोकांसमोर वाचायचंय.

रत्नांग्रीची_सेन्सेई

देते. २०१८ चा बदलही त्यातच लिहिते, तो लपवून मांडू नकोस. रविवारपर्यंत इथेच टाकते.